माती चार वाजता होती

गेल्या वर्षी जानेवारीत आत्या गेली. सकाळी साडेनऊला आतेभावाचा फोन आला, रडत नव्हता, आवाज नुसता कोरडा पडलेला. "आई गेली रे. माती चारला हाय. तुमी निघा." मी लातुरात, आत्याचं गाव गंगाखेडच्या पुढं, रेणापूर, अंबाजोगाई, परळी करत गेलं तर शंभर-सव्वाशे किलोमीटर. फोन ठेवायच्या आधीच डोक्यात हिशोब झाला होता, अडीच तास लागतील, चारातून अडीच गेले की दीड, म्हणजे एकला निघालं तरी अर्धा तास हातात राहतो.

मी पाच वाजून दहा मिनिटांनी पोचलो. गल्लीत माणसं परत येत होती, अंगावरचे टॉवेल ओले, पाय धुळीचे. माझ्या हातात पिशवी होती आणि पिशवीत हिरवी साडी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडं सवाष्ण बाई गेली की तिच्या अंगावर शेवटची साडी माहेरची घालतात. भाऊ आणतो, भाऊ नसेल तर भाचा. माझे वडील जाऊन सहा वर्षं झाली, आत्याला दुसरा भाऊ नव्हता, म्हणजे तिचं माहेर म्हणून जे काय उरलं होतं ते मीच होतो. आतेभाऊ मला बघून उठला, खांद्यावर हात ठेवला आणि एवढंच म्हणाला, "पाऊण तास थांबलो रे." रागानं नाही म्हणाला. रागानं म्हणाला असता तर कदाचित मला झोप लागली असती त्या रात्री.

तेव्हापासून मी वेळेचा विचार करतोय. माणूस गेल्यावर काय विचार करायचा असतो ते करून झालं, पण हा एक प्रश्न जातच नाही, की मी तर हिशोब केला होता, अर्धा तास वरचा धरला होता, मग सत्तर मिनिटं उशीर झाला कुठं?

तो दिवस मी किती वेळा परत चालून आलोय सांगता येत नाही. त्या दिवशी आमच्याकडं पाण्याचा दिवस होता. लातुरात पाण्याचा दिवस म्हणजे काय हे बाहेरच्याला कळणार नाही, आम्ही २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं आलेलं पाणी प्यायलेली माणसं, पहिल्या गाडीला दहा वॅगन आणि त्यात पाच लाख लिटर पाणी होतं, स्टेशनवर बघायला गर्दी जमली होती, त्यानंतर नळ आला की घरातलं कुणीच तो सोडून हलत नाही, हे अंगातच भिनलंय. तर हौद भरेपर्यंत अकरा वाजले. साडीचं दुकान, त्यात रंग कोणता, काठ कसा, आत्याला मोठे काठ आवडायचे म्हणून तीन साड्या उलगडून बघितल्या, पाऊण तास. एटीएम. बायको शाळेतून सुट्टी सांगून येईपर्यंत साडेबारा. पोरांना शेजारी ठेवलं, त्यांचा डबा, चाव्या, पोराचं दप्तर. पेट्रोल, टायरात हवा. एकाला निघायचं ते एक पस्तीसला निघालो. पुढं ऊस. जानेवारी म्हणजे कारखाने जोरात, दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, एकामागं एक, ओव्हरटेक करायला जागा नाही. परळीच्या अलीकडं घाटात एक ट्रक बंद पडलेला. मग रेल्वेचं फाटक.

यातली एकही गोष्ट अचानक घडलेली नाही. पाण्याचा दिवस मला माहीत होता. ऊस मला माहीत होता. साडी लागणार हे तर फोन कानाला असतानाच माहीत होतं. पण हिशोबात यातलं काहीच नव्हतं, हिशोबात फक्त गाडी होती आणि रस्ता होता, आणि तोही मोकळा.

बरं, मी उलटा हिशोब केला नव्हता असंही नाही. चारातून अडीच वजा केले होते की. पण ती नुसती वजाबाकी झाली. पोचायच्या क्षणाला उभं राहून एकेक पाऊल मागं येणं वेगळं. आणि त्याहून मोठी चूक, जी मला कितीतरी महिन्यांनी कळली, ती म्हणजे माझी वेळ चार नव्हतीच. चारला तिरडी उचलणार होते. त्याच्या आधी आंघोळ घालणार, आंघोळीनंतर साडी नेसवणार, म्हणजे साडी घरात तीनला पाहिजे, सव्वातीन फार तर. मी ठरल्याप्रमाणे एकला निघून बरोबर साडेतीनला पोचलो असतो तरी साडीला उशीरच झाला असता! ज्या वेळेतून मी मागं मोजत होतो ती वेळच चुकीची होती.

आईला हे कुणी शिकवलं नव्हतं. आमच्याकडं येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, लातूर-धाराशिवकडं दिवाळीपेक्षा मोठी. सगळं गाव शेतात, गावात कुत्रंसुद्धा राहत नाही म्हणतात. कडब्याची कोप करायची, पूजा करायची, भज्जी, उंडे, आंबील, खीर, येईल त्याला जेवायला बसवायचं. मी लहान असताना आई घड्याळ घालायची नाही, घरात एक होतं तेही वडील गेले की त्यांच्याबरोबर जायचं. पण ऊन डोक्यावर यायच्या आत नैवेद्य म्हणजे नैवेद्य. आणि त्यासाठी ती सुरुवात कुठून करायची? आदल्या दिवशी संध्याकाळी आंबील लावायची, ताकात ज्वारीचं पीठ, ती रात्रभर आंबली पाहिजे, आंबायला जेवढं लागतं तेवढं लागतं, तिथं घाई चालत नाही. खिरीचे गहू त्याच्याही आधी. भज्जीला तुरीचे, वालाचे, हरभऱ्याचे दाणे सोलायचे ते रात्री सगळ्या बायका मिळून. पहाटे तीनला चूल. मग उंडे. एकदा काकू नवी नवरी होती तेव्हा तिनं विचारलं, जेवणं किती वाजता करायची, तर आई म्हणाली, "जेवणाचं इच्यारू नगंस, निवद कवा दावायचा ते इच्यार, आन तितून मागं ये."

तितून मागं ये. हे वाक्य मी पंचवीस-तीस वर्षं ऐकलेलं, त्यात मला स्वयंपाक दिसायचा, दुसरं काही दिसायचं नाही.

आईकडून अजून एक गोष्ट घेण्यासारखी होती. तिच्या हिशोबात बैलगाडी जुंपायचा वेळ असायचा, बिंदगं, म्हणजे घागर, डोक्यावर घेऊन बांधावरून चालताना हळू चालावं लागतं तो वेळ असायचा, आजीला गाडीत बसवायचा वेळ असायचा. आम्ही शिकलेली माणसं हेच सोडतो. मॅपवर दोन तास चाळीस मिनिटं दाखवलं की आपण दोन तास चाळीसच धरतो, पण तो वेळ गाडीचा आहे, घराचा नाही. घरातून गाडीपर्यंत यायला, कुलूप, गॅस, मोटार बंद केली का, मोबाईलचं चार्जर, पाण्याची बाटली, म्हाताऱ्या माणसाची चप्पल, या सगळ्याला पंधरा-वीस मिनिटं जातात आणि ती रोज जातात, तरी रोज आपल्याला ती नवीन वाटतात.

यावर अभ्यास झालाय हे मला नंतर कळलं. काम किती वेळात होईल याचा अंदाज माणूस कायम कमी करतो, मागचा अनुभव असूनसुद्धा, याला डॅनियल काहनेमन आणि अमोस ट्वर्स्की या दोघांनी १९७९ मध्ये प्लॅनिंग फॅलसी असं नाव दिलं. १९९४ मध्ये रॉजर ब्यूलर, डेल ग्रिफिन आणि मायकेल रॉस यांनी विद्यार्थ्यांना विचारलं की तुमचा प्रबंध किती दिवसात होईल, त्यांच्या अंदाजाची सरासरी आली ३३.९ दिवस आणि प्रत्यक्षात लागले ५५.५. मला यात आकड्यापेक्षा कारण महत्त्वाचं वाटलं. ही पोरं आळशी नव्हती. आपण पुढचा विचार करतो तेव्हा मनात एक गोष्ट तयार होते, मी हे करीन, मग ते करीन, आणि त्या गोष्टीत ट्रॅक्टर नसतो, फाटक नसतं, मागच्या खेपेला काय झालं होतं ते तर आपण त्यात येऊच देत नाही, ते वेगळं होतं म्हणतो. ब्यूलर-ग्रिफिन यांनीच अजून एका सहकारी संशोधिकेबरोबर २०१६ मध्ये दाखवलं की लोकांना शेवटापासून मागं यायला लावलं तर त्यांचा अंदाज वाढतो, जे टप्पे आणि अडचणी पुढं बघताना दिसत नव्हत्या त्या मागं येताना दिसायला लागतात. मला वाचून आईचं वाक्य आठवलं. घाटात गाडी चढवताना जे वळण दिसत नाही ते उतरताना दिसतं, तसंच असावं हे.

आणि आपल्याकडं तर हे सगळं आधीपासून होतं. आषाढी एकादशी ठरलेली. पैठणहून नाथांची पालखी त्या हिशोबानं निघते, शेगावची गजानन महाराजांची पालखी महिनाभर आधी निघून परभणी, गंगाखेड, परळी, अंबाजोगाई करत खाली जाते, आणि एखाद्या गावानं कितीही आग्रह केला तरी मुक्काम एकचा दोन होत नाही. लग्नातही तेच होतं. पूर्वी घटिकापात्र असायचं, तळाला बारीक भोक असलेली वाटी पाण्यात ठेवायची, ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे चोवीस मिनिटं. घटका भरली हा शब्द तिथून आलेला. आता पत्रिकेत बारा पस्तीस छापतात आणि दोनला अक्षता पडतात आणि लांबून आलेली म्हातारी माणसं उपाशी बसून राहतात, याचा मला खरंच फार त्रास होतो, पण तो विषय मोठा आहे.

आत्याच्या मातीनंतर तीन-साडेतीन महिन्यांनी भाचीची नीट, म्हणजे डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा होती. ४ मे २०२५, रविवार. ताईचं गाव अहमदपूरच्या आत दहा किलोमीटर, सेंटर नांदेडला. दाजींना सुट्टी नव्हती म्हणून मला बोलावलं. मी आदल्या दिवशीच गेलो. रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर भाचीला घेऊन बसलो, तिच्याच रफ वहीचं पान घेतलं आणि विचारलं, पेपर किती वाजता?

"दोनला."

"तुला कुठं, किती वाजता असायचंय?"

"गेट दीडला बंद होतं मामा."

"दीडला गेटवर पोचलीस तर?"

ती थांबली. मग म्हणाली, "तपासणी असती. लाईन असती. मग वर्ग शोधायचा." आम्ही ठरवलं तिची खरी वेळ बाराची. बाराला तिनं गेटसमोर सावलीत बसलेलं पाहिजे, पाणी पिऊन, बाथरूमला जाऊन आलेलं. पानाच्या अगदी तळाला मी बारा लिहिलं आणि आम्ही वर वर यायला लागलो. सेंटर शोधायला, गाडी लावायला अर्धा तास, साडेअकरा. लातूर फाट्यापासून सेंटरपर्यंत अर्धा तास, अकरा. लोह्यापासून लातूर फाटा एक तास धरला, दहा. लोह्यात अर्धा तास थांबायचं, कारण तिला गाडीत मळमळतं आणि पोटात काही नसेल तर जास्त, साडेनऊ. माळाकोळी करत अहमदपूरपासून लोहा एक तास, साडेआठ. घर ते अहमदपूर वीस मिनिटं. म्हणजे आठ दहाला गाडी सुरू. इथं मी थांबणार होतो, पण भाचीच म्हणाली, "मामा, पाया पडायचं राहिलं."

ते मला कधीच सुचलं नसतं. आजीच्या पाया, देवाच्या पाया, हातावर दही-साखर, शेजारच्या काकू येणार, त्या दोन शब्द बोलणार, कुणीतरी म्हणणार थांब गं जरा घोटभर पाणी पिऊन जा, आजीच्या डोळ्यात पाणी येणार आणि तिला धरून उभं राहावं लागणार. आणि हे टाळायचं नव्हतं, पोरगी एवढी दोन वर्षं अभ्यास करून निघाली होती, तिला हे सगळं मिळायला पाहिजे होतं, निवांत. घाईत डोक्यावर हात ठेवला की तो हात कळत नाही. आम्ही पाया पडायला पाऊण तास लिहिला. सात पंचवीस. मग आंघोळ, हॉल तिकीट, फोटो, आधार, कानातलं काढून ठेवणं, चप्पल, वर वर जात साडेपाचला उठायचं तिथं पान संपलं.

दुसऱ्या दिवशी सगळं पानाप्रमाणं झालं असं नाही. लोह्याच्या पुढं एका गावात परण्या निघाला होता, नवरदेव घोड्यावर, पुढं डीजे, पूर्ण रस्ता बंद, चाळीस मिनिटं. बाहेर ऊन असं की गाडीच्या काचेला हात लावला तर चटका. मी भाचीकडं बघितलं, मला वाटलं घाबरली असेल, तर ती खिडकीतून नाचणाऱ्या पोरांकडं बघून हसत होती. कारण तिला माहीत होतं, पानावर जागा आहे. आम्ही बारा चाळीसला पोचलो. दहा मिनिटं सावलीत बसली, अर्धी बाटली पाणी प्यायली, आणि रांगेत गेली.

मी तिथंच थांबलो, इतर पालकांबरोबर, झाडाखाली. दीडला गेट बंद झालं. एक चौतीसला मोटरसायकलवर बाप आणि मुलगा आले. मुलाच्या हातात प्लास्टिकची पारदर्शक फाईल. त्यांनी आधी काहीच आरडाओरडा केला नाही, बापाला वाटलं गेट नुसतं लोटलंय, त्यानं हातानं ढकलून बघितलं. मग तो आतल्या माणसाला सांगायला लागला, आणि पुन्हा पुन्हा एकच वाक्य सांगत होता, "आमी बाराला निघालो होतो ओ. लोह्याहून बाराला निघालो होतो." आतला माणूस काय करणार. मुलगा कठड्यावर बसला, खाली बघत. दोन-तीन पालकांनी जाऊन पाणी दिलं. मीही गेलो, पण मला बोलता येईना. त्या माणसाचं वाक्य माझंच वाक्य होतं. मीही आत्याच्या दारात हेच म्हणालो होतो, दीडलाच निघालो होतो. आपण सगळे निघाल्याची वेळ सांगतो. ती लक्षात असते कारण ती आपल्या हातातली असते. समोरचा माणूस मात्र आपण निघण्याची वाट बघत नसतो.

आणि आता ते सांगतो जे मी बायकोशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. मातीच्या दिवशी आतेभावानं मला चार वेळा फोन केला. दोन वाजता केला तेव्हा मी म्हणालो, निघालोय, येलालो. मी तेव्हा रेणापूरच्या जवळपास होतो. तीनला केला तेव्हा मी अंबाजोगाईच्या अलीकडं उसाच्या ट्रॅक्टरमागं होतो आणि म्हणालो, परळीत पोचलो. चारला म्हणालो, हे काय, आलोच, फाटक ओलांडलं की आलो, तेव्हा मी घाटात उभा होतो. वाईट हेतू नव्हता, त्याला धीर वाटावा म्हणून म्हणालो, सगळे म्हणतात तसं म्हणालो. पण त्या घरात माझ्या शब्दावर माणसं थांबली होती. आंघोळ थांबवली होती साडीसाठी. मी तीनलाच सांगितलं असतं, अरे मी अजून अंबाजोगाईत नाही, मला पाच होतील, तर जाणत्या माणसांनी बसून ठरवलं असतं, सव्वापाचला उचलू, अंधार सहानंतरच होतो, साडी येऊ दे. किंवा म्हणाले असते नाही थांबता येत, शेजारणीनं आणलेली साडी घाला, आणि ते मोकळ्या मनानं झालं असतं. मी त्यांना ठरवूच दिलं नाही. "आलोच" म्हणत म्हणत पाऊण तास सगळ्यांना दारात उभं केलं आणि शेवटी त्यांना माझ्याशिवाय जावं लागलं. उशीर रस्त्यानं केला असेल, पण ही वाट बघणं मी करायला लावलं.

म्हणून आता मी एक गोष्ट पाळतो. फोन आला की जिथं आहे तिथलं गाव सांगतो. चाकूर तर चाकूर. आणि पुढचं पानावरून मोजून सांगतो, मला इतके होतील, तुम्ही तुमचं ठरवा. सुरुवातीला जड गेलं. लोकांनाही विचित्र वाटतं, त्यांना "आलोच" ऐकायची सवय असते. गाडी बदलून जायचं असेल, काळी-पिवळी असेल, तर शेवटची धरतच नाही, तिच्या आधीची धरतो, कारण ती भरल्याशिवाय निघत नाही आणि कधी भरेल ते ड्रायव्हरलाही माहीत नसतं.

यंदा जानेवारीत आत्याचं वर्षश्राद्ध झालं. पानं दुपारी बाराला होती. मी आदल्या दिवशी दिवेलागणीला पोचलो. दार आतेभावानं उघडलं, हातात कणकेचं पातेलं, माझ्याकडं बघून म्हणाला, "उद्या हाय की रे."

"हो, उद्याच."

तो काही बोलला नाही, बाजूला झाला. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, ओट्यावर पडलेले होते, उठून बसले, पिशवीकडं बघितलं. वर्षभर ती साडी आमच्या कपाटात होती, दुकानाच्या घडीतच, बायकोनं दोनदा डांबराच्या गोळ्या बदलल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आत्याच्या नावानं सवाष्ण बसवायची होती. मामांनी साडी हातात घेतली, काठ बघितला, आणि आतेबहिणीला हाक मारली, "ही नेस सकाळी. तुझ्या आईच्या माहेरची हाय."

सकाळी ती नेसून आली. आम्ही पानं मांडत होतो तेव्हा साडेदहा झाले होते.